वाचक विचारतात : गेमिंग कीबोर्ड घेताना काय तपासावं?

दिवाळीच्या खरेदीच्या तोंडावर नाशिक आणि आसपासच्या वाचकांकडून गेमिंग कीबोर्डबद्दल बरीच पत्रं आली आहेत. त्यांतले निवडक प्रश्न आणि उत्तरं.

प्रश्न : मुलाची दहावी झाली, त्याला गेमिंग कीबोर्ड हवा आहे. दोन हजारांच्या एका कीबोर्डच्या खोक्यावर ‘मेकॅनिकल फील’ असं छापलंय. दुकानदार म्हणतो, मेकॅनिकलच आहे. खरं कसं ओळखायचं? (एक पालक, सिडको)

‘फील’ हा शब्द दिसला की तो मेंब्रेन कीबोर्ड समजा. त्यात सगळ्या बटणांखाली एकच रबरी चादर असते आणि तिच्याखाली छापील तारांचे प्लॅस्टिकचे पापुद्रे. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच असतो, त्याच्या आत स्प्रिंग आणि धातूची पाती.

दुकानात उघडा नमुना मागा आणि एक कीकॅप (बटणाची टोपी) वर ओढून काढा. खाली अधिक चिन्हाच्या आकाराची रंगीत दांडी असलेली छोटी चौकोनी डबी दिसली तर तो मेकॅनिकल. दांडी थेट कीबोर्डच्या वरच्या कवचातून आलेली असेल आणि आत पांढरं किंवा करडं रबर दिसत असेल, तर मेंब्रेन. दुसरी खूण बोटालाच कळते. नोटपॅड उघडून एखादं बटण अगदी सावकाश दाबा. मेकॅनिकलमध्ये बटण साधारण निम्म्या वाटेवर गेलं की अक्षर उमटतं. मेंब्रेनमध्ये रबर तळाला टेकल्याशिवाय उमटत नाही. खोक्यावर स्विचचं नाव आणि रंग लिहिलेला नसेल तर तेही संशयाचं कारण.

आता त्याहून महत्त्वाची गोष्ट, जी दुकानात कुणी सांगत नाही. कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाची वेगळी तार नसते. आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. जाळीतल्या चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले गेले की चौथाही दाबला गेल्यासारखा भासतो. यालाच घोस्टिंग म्हणतात. स्वस्त कीबोर्ड ते टाळायला तिसरं बटण सरळ गाळून टाकतात. मग मुलगा धावता धावता उडी मारायला जातो आणि उडी लागतच नाही. चांगल्या मेकॅनिकलमध्ये प्रत्येक स्विचला एक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असतो, म्हणून कितीही बटणं एकत्र दाबली तरी सगळी पोचतात. खोक्यावर याला ‘एन-की रोलओव्हर’ म्हणतात. ‘२५ की अँटी-घोस्टिंग’ असं लिहिलं असेल तर ती सोय ठरावीक पंचवीस बटणांपुरतीच आहे.

तपासणी अर्ध्या मिनिटाची. नोटपॅडमध्ये डावा शिफ्ट, डब्ल्यू आणि ए दाबून धरा. ते न सोडता आर, सी, १ आणि स्पेस एकेक करून दाबा. प्रत्येक वेळी काहीतरी उमटलं पाहिजे. इथे अडखळणारा कीबोर्ड दिव्यांनी कितीही झगमगत असला तरी गेमिंगच्या कामाचा नाही. दोन हजारांच्या आसपास खरा मेकॅनिकल मिळतो, तेव्हा तोच घ्या. जीएसटीचं पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी दुकानाची की कंपनीची, हे त्यावर लिहून घ्या.

प्रश्न : माझी कामाची पाळी रात्री साडेअकराला संपते. घरी आल्यावर तासभर खेळतो, शेजारच्या खोलीत आईवडील झोपलेले असतात. रेड, ब्राऊन, ब्लू यांतला कोणता स्विच घ्यावा? (अंबड)

ब्लू अजिबात नको. त्यातला टिकटिक आवाज मुद्दाम ठेवलेला असतो आणि तो बंद दरवाज्यातून ऐकू जातो.

हे रंग ‘चेरी’ या जर्मन कंपनीच्या एमएक्स स्विचवरून रूढ झाले, इतर कंपन्या साधारण तीच खूण पाळतात. चेरीचा रेड ४५ सेंटिन्यूटनला, म्हणजे सुमारे ४५ ग्रॅम दाबाला चालतो आणि मधे कुठेही अडत नाही. ब्राऊनमध्ये ५५ सेंटिन्यूटनचा हलकासा उंचवटा बोटाला लागतो, पण टिक होत नाही. दोन्हींत बटण दाबल्याची नोंद २ मिलिमीटरवर होते आणि बटणाचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा असतो. स्पीड सिल्व्हरमध्ये नोंद १.२ मिलिमीटरवरच होते. खेळाला ते छान, पण टायपिंग करताना बोट नुसतं टेकलं तरी अक्षर पडतं.

तुम्ही रेड घ्या, शक्यतो ‘सायलेंट रेड’. त्यात दांडीला रबरी गादी असते. बराचसा आवाज बटण तळाला आपटल्याचा आणि टेबलाच्या पोकळ फळीचा असतो, म्हणून कीबोर्डखाली चार-पाच मिलिमीटर जाडीची फोमची किंवा कापडी चटई टाका. स्पेसबार खडखडत असेल तर दोष स्विचचा नाही, त्याच्या दोन टोकांना आधार देणाऱ्या स्टॅबिलायझरच्या तारेचा आहे. तार काढून काचेवर ठेवा. एक पाय उचललेला दिसला तर पकडीने सरळ करा. मग टोकांना सुईच्या अग्रावर मावेल एवढंच डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून परत बसवा. ग्रीस जास्त झालं तर बटण वर यायला आळस करतं.

प्रश्न : हॉल इफेक्ट कीबोर्ड आणि ८००० हर्ट्‌झचा पोलिंग रेट यांवर पैसे घालावेत का? मी व्हॅलोरंट आणि सीएस-२ (काउंटर-स्ट्राइक २) हे गोळीबाराचे गेम खेळतो. (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, कॉलेज रोड)

दोन्ही गोष्टी एका तागडीत तोलू नका. पहिलीत दम आहे, दुसरीत फारसा नाही.

पोलिंग रेट म्हणजे कॉम्प्युटर सेकंदाला किती वेळा कीबोर्डकडे विचारणा करतो. ऑफिसच्या साध्या कीबोर्डचा १२५, म्हणजे दर ८ मिलिसेकंदांनी एकदा. गेमिंगच्या कीबोर्डचा बहुधा १०००, म्हणजे दर मिलिसेकंदाला. १२५ वरून १००० वर जाणं सार्थकी लागतं. पण १००० वरून ८००० वर गेलात तर जास्तीत जास्त ०.८७५ मिलिसेकंद वाचतो. १४४ हर्ट्‌झच्या मॉनिटरवर एक चित्र ६.९ मिलिसेकंद टिकतं, ६० हर्ट्‌झवर १६.७. वर प्रोसेसरवरचा बोजा वाढतो तो वेगळाच. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्‌झचा असेल तर पैसे आधी तिथे घाला.

हॉल इफेक्टमध्ये दांडीला लोहचुंबक आणि खाली सर्किटवर सेन्सर असतो. पात्याला पातं टेकत नाही. बटण नेमकं किती खाली गेलं आहे हे सतत मोजलं जातं, त्यामुळे नोंद कुठे व्हावी ते सॉफ्टवेअरमधून ठरवता येतं. बऱ्याच कीबोर्डवर ०.१ पासून सुमारे ४ मिलिमीटरपर्यंत.

त्यातलं खरं मोलाचं काम ‘रॅपिड ट्रिगर’चं. साध्या स्विचमध्ये बटण एका ठरलेल्या उंचीच्या वर आल्याशिवाय सुटलं असं धरलं जात नाही. रॅपिड ट्रिगरमध्ये बोटाने दिशा बदलली आणि बटण ०.२ मिलिमीटर वर आलं, की लगेच सुटलं. तुमच्या दोन्ही खेळांत चालता चालता मारलेली गोळी भरकटते, थांबून मारलेली सरळ जाते. म्हणून डी (उजवीकडे) सोडून ए (डावीकडे) टिचकावून थांबण्याची जी सवय लागते, तिथे हा फरक हाताला जाणवतो. शर्यतीच्या किंवा कथाप्रधान खेळांत यासाठी वेगळा खर्च करू नका.

सुरुवातीची मांडणी अशी ठेवा : फक्त डब्ल्यू, ए, एस, डी या चार बटणांची नोंद ०.८ मिलिमीटरवर आणि रॅपिड ट्रिगर ०.२. बाकी सगळी बटणं १.५ ते २ मिलिमीटरवर. सगळीकडे ०.१ लावून ठेवणारे दुसऱ्या दिवशी तक्रार करतात की चॅटमध्ये भलतीच अक्षरं पडतात. बटण दाबून धरलेलं असताना पात्र अडखळत चालत असेल तर बोटाचा सूक्ष्म थरथराट मोजला जातोय. रॅपिड ट्रिगर ०.३ किंवा ०.४ करा. स्विच बदलला किंवा आकडे चुकीचे वाटले, तर सॉफ्टवेअरमधलं कॅलिब्रेशन पुन्हा करा.

एक सावधगिरी. ए आणि डी दोन्ही दाबलेले असताना शेवटचं बटण आपोआप जिंकवणारी सोय ‘रेझर’ या कीबोर्ड कंपनीने जुलै २०२४ मध्ये ‘स्नॅप टॅप’ नावाने आणली, इतरांनी वेगळ्या नावांनी. ऑगस्ट २०२४ मध्ये सीएस-२ बनवणाऱ्या ‘व्हॉल्व्ह’ने त्या खेळाच्या अधिकृत सर्व्हरवर तिला मनाई केली, वापरणारा सामन्यातून बाहेर काढला जातो. सीएस-२ उघडण्यापूर्वी ती बंद ठेवा. रॅपिड ट्रिगर ही वेगळी सोय आहे, त्या मनाईत ती येत नाही.

प्रश्न : दिवसा प्रेसमध्ये इनस्क्रिप्टने मराठी टायपिंग करतो, रात्री गेम. टेबल लहान आहे म्हणून ६० टक्क्यांचा कीबोर्ड घेऊ का? (देवळाली कॅम्प)

घेऊ नका. ६० टक्क्यांत ६१ बटणं असतात. वरची एफ-रांग, बाण, होम, एंड, डिलीट काहीच नाही, सगळं एफएन धरून दाबावं लागतं. प्रूफ तपासताना बाण आणि होम-एंड शंभरदा लागतात.

इनस्क्रिप्टसाठी दोन बटणं नीट पाहून घ्या. ‘डॉक्टर’, ‘कॉलेज’मधला ‘ॉ’ उलट्या तिरप्या रेघेच्या बटणावर आहे. भारतात सहसा मिळणाऱ्या अमेरिकी मांडणीत ते एंटरच्या बरोबर वर येतं. परदेशातून आणलेल्या युरोपीय मांडणीत ते जागा बदलतं आणि हात चुकत राहतो. दुसरं, उजवा शिफ्ट. ७५ आणि ६५ टक्क्यांत वरच्या बाणाला जागा द्यायला तो आखूड केलेला असतो. डाव्या हाताच्या बटणांवरच्या आ, ई, ऊ, ओ या अक्षरांना उजवाच शिफ्ट लागतो. मजकूर टाइप करून पाहा, करंगळी बाणावर पडत असेल तर ८७ बटणांचा टीकेएल (नंबरपॅड नसलेला कीबोर्ड) घ्या. नंबरपॅड गेल्यामुळे माऊसला पुरेशी जागा सुटते. बटणांवर देवनागरी छापलेली नसली तरी तुम्हाला अडचण येऊ नये.

प्रश्न : पावसाळ्यापासून एक अक्षर दाबलं की दोनदा उमटतं. कीबोर्ड मेकॅनिकल, दीड वर्ष जुना. (त्र्यंबक)

तुमच्याकडच्या पावसात हे व्हायचंच. दमट हवेत धूळ पात्यांवर धरते. पाती टेकताना तशीही काही मिलिसेकंद थरथरतात आणि कीबोर्ड तेवढा वेळ दुसरी नोंद घेत नाही. पातं मळलं की थरथर लांबते आणि दुसरी नोंद निसटते.

आधी दोष कुणाचा ते ठरवा. हॉट-स्वॅप (टाके न काढता स्विच बदलता येणारा) कीबोर्ड असेल तर केबल काढा, तो स्विच उपसून क्वचित लागणाऱ्या बटणाच्या स्विचशी अदलाबदल करा. दोष स्विचबरोबर गेला तर स्विच खराब, जागेवर राहिला तर सॉकेट किंवा त्याचा टाका (सोल्डरिंग). स्विच सरळ उभा बसवा, तिरका दाबला की त्याचा तांब्याचा पाय दुमडतो. दुमडलाच तर चिमट्याने सरळ करा. पाच पायांचा स्विच तीन पायांच्या बोर्डावर बसत नसेल तर फक्त दोन प्लॅस्टिकचे पाय कापा.

स्विच टाक्यांनी जोडलेले असतील तर केबल काढून दांडी दाबून धरा, फटीतून ९९ टक्क्यांच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब सोडा, चाळीस-पन्नास वेळा दाबा आणि दोन तास वाळू द्या. तेलाचे स्प्रे मारू नका, त्यावर धूळ आणखी बसते. काही कीबोर्डच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘डिबाउन्स’ची वेळ वाढवता येते. ५ ची ८ किंवा १० मिलिसेकंद केली की तात्पुरतं भागतं.

प्रश्न : गेमिंग कॅफेसाठी १५ कीबोर्ड घ्यायचे आहेत. (गंगापूर रोड)

सगळे एकाच मॉडेलचे, वायरचे, हॉट-स्वॅप, रेड किंवा ब्राऊन स्विचचे घ्या. पंधरा ब्लू एकत्र वाजले की हेडफोन लावूनही डोकं उठतं. केबल सुटी होणारी टाइप-सी असावी, कारण सगळ्यात आधी तीच तुटते. कीकॅप पीबीटी प्लॅस्टिकच्या आणि डबल-शॉट घ्या. एबीएस प्लॅस्टिकच्या कीकॅप बोटांच्या तेलाने चकचकीत होतात. डबल-शॉटमध्ये अक्षर वेगळ्या प्लॅस्टिकचं असल्याने पुसलं जात नाही. जास्तीचे तीस-चाळीस स्विच आणि चार-पाच केबल सुरुवातीलाच घेऊन ठेवा.

चहा सांडला तर आधी केबल ओढा, मग कीबोर्ड उलटा धरा. साखर-दुधाचा चहा वाळला की स्विच चिकटतात, म्हणून त्याच दिवशी कीकॅप आणि भिजलेले स्विच काढा, बोर्ड डिस्टिल्ड पाण्याने आणि नंतर अल्कोहोलने पुसा, पंख्याखाली किमान २४ तास ठेवा. हेअर ड्रायरची गरम हवा मारू नका, प्लॅस्टिक वाकतं.

प्रश्न : अचानक डब्ल्यू-ए-एस-डी दाबलं की बाण चालतात, अक्षरं उमटतच नाहीत. व्हायरस आहे का? (पंचवटी)

नाही. खेळताना एफएन आणि डब्ल्यू एकत्र दाबले गेले. बऱ्याच स्वस्त गेमिंग कीबोर्डमध्ये त्याने बाण आणि डब्ल्यू-ए-एस-डी यांची अदलाबदल होते. पुन्हा एफएन-डब्ल्यू दाबा. विंडोजचं बटण मेलेलं वाटलं तर बहुतेक मॉडेलवर एफएन आणि विंडोज एकत्र दाबून कुलूप निघतं.

प्रश्न : वायरलेस कीबोर्ड मधेच अडखळतो. डोंगल कॅबिनेटच्या मागे लावलाय. (नाशिक रोड)

मागच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टची गडबड २.४ गिगाहर्ट्‌झच्याच पट्ट्यात पसरते, त्यात पत्र्याचं कॅबिनेट आड येतं. डोंगल एक्स्टेन्शन केबलने टेबलावर, कीबोर्डपासून हातभर अंतरावर आणा. शेजारी वायफायचा राउटर किंवा पोर्टेबल हार्डडिस्क ठेवू नका. खेळताना ब्लूटूथवर जाऊ नका, तो डोंगलपेक्षा उशिरा पोचतो.