क्रूझ बुक करायच्या आधी हे बघा भाऊ

भाऊ, आईला गाडी लागते तर मुंबई-गोवा क्रूझला केबिन कुठली घ्यावी आन सोबत काय न्यावं असं विचारलंत, तर केबिन खालच्या डेकवर (जहाजाच्या मजल्यावर) आन जहाजाच्या मधोमध मागा, तिथं हलणं कमी जाणवतं, मग वरच्या बाल्कनीवाल्या केबिनचा हट्ट सोडाच. जळगावहून रात्रीची ट्रेन पकडा, सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर (क्रूझ सुटते तो धक्का) टॅक्सीने जवळच आहे. मोठ्या बॅगा चेक-इनला घेऊन घेतात, केबिनपर्यंत यायला उशीर होतो, म्हणून बीपीच्या गोळ्या, पोराचा एक ड्रेस आन सगळ्यांचे आधार कार्ड हातातल्या पिशवीत. घरची शेवभाजी, कळण्याच्या भाकरी नेऊ नका, स्कॅनिंगला बाहेर काढतात (ठेच्याची बरणी तर पहिली). समुद्रात रेंज जाते, वायफायचे पैसे वेगळे, घरच्यांना आधीच सांगून निघा नाहीतर काकू फोन लावत बसतील.