तुमचे प्रश्न: पगार चांगला असला तरी कॉलेजच्या मदतीसाठी अर्ज करावा का?

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. दोघेही एच-१बी व्हिसावर नोकरी करतो. मिळून वर्षाला १,९०,००० डॉलर येतात. मुलगी इथेच जन्मलेली, यंदा बारावीला आहे. पुण्यात एक फ्लॅट भाड्याने दिलाय. ‘एवढ्या पगाराला काही मिळत नाही, फॅफ्साच्या (कॉलेजसाठीच्या सरकारी मदतीच्या अर्जाच्या) भानगडीत पडू नका’ असं सगळे सांगतात. खरं आहे का?

उत्तर: नाही, फॉर्म भराच. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या घरांसाठीची, परत न करावी लागणारी सरकारी मदत, मिळणार नाही, हे बरोबर. पण फॅफ्साला उत्पन्नाची मर्यादाच नाही. विद्यार्थ्याच्या नावचं सरकारी कर्ज, पहिल्या वर्षी ५,५०० डॉलरपर्यंत, पगार कितीही असला तरी मिळतं; मात्र फॅफ्सा भरलेला लागतो. शिवाय हार्वर्ड आणि एमआयटीत २ लाख डॉलरपर्यंत उत्पन्न आणि बेताची मालमत्ता असलेल्या घरांना ट्यूशन भरावी लागत नाही. तुमच्याच राज्यातल्या प्रिन्स्टनमध्ये अडीच लाखांपर्यंतच्या बहुतेक घरांना ही सवलत आहे. अशा कॉलेजांकडे मदत मागितलीच नाही, तर ती आपणहून कोणी देत नाही.

तुमचा व्हिसा आड येत नाही. मुलगी अमेरिकन नागरिक आहे, तेवढं पुरतं.

आता पुण्याचा फ्लॅट. राहतं घर आणि ४०१(के), म्हणजे नोकरीतली निवृत्तीची बचत, फॅफ्सात धरत नाहीत, पण भारतातला दुसरा फ्लॅट आणि बँकेतल्या एफडी दाखवाव्याच लागतात. आजची बाजारकिंमत घ्या, त्यातून गृहकर्जाची बाकी वजा करा आणि फॉर्म भरता त्या दिवशीच्या दराने डॉलर करा. ‘इथे बसून कोणाला कळणार?’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. खोट्या माहितीला २०,००० डॉलरपर्यंत दंड आणि तुरुंगवासही होऊ शकतो. आणि भीती वाटते तेवढा फटका बसतही नाही. पालकांच्या मालमत्तेचा जास्तीत जास्त ५.६४ टक्के भाग ‘तुम्ही भरू शकाल’ अशा रकमेत धरतात, म्हणजे १ लाख डॉलरमागे ५,६४०. मुलीच्या नावच्या पैशाचे मात्र सरळ २० टक्के धरतात. आजी-आजोबांनी नातीच्या नावे एफडी केली असेल, तर ती इथे मोजली जाते.

बहुतेकांचं घोडं अडतं ते नावापाशी. फॅफ्सा जिथे भरतात त्या स्टुडंटएड या सरकारी साइटवर खातं उघडताना नाव सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच लिहा. मधलं नाव, लग्नानंतर बदललेलं आडनाव, एखादं जास्तीचं अक्षर, कशानेही पडताळणी अडकते. अडकली तर वेळ जातो, म्हणून शेवटच्या तारखेला बसू नका. जॉइंट टॅक्स रिटर्न भरत असाल तर एकाच पालकाची सही लागते. आयआरएसकडून (अमेरिकेच्या आयकर खात्याकडून) माहिती घ्यायला संमती द्यायला विसरू नका. ती नसेल तर सरकारी मदत मिळत नाही.

फॉर्म १ ऑक्टोबरला किंवा त्याआधी खुला होतो आणि त्यात दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न धरतात: २०२७-२८ साठी २०२५ चं. मधल्या काळात ले-ऑफ झाला असेल, तर कंपनीचं पत्र आणि शेवटची पे-स्लिप जोडून कॉलेजच्या एड ऑफिसला फेरविचाराचा अर्ज करा. त्यांना आकडे बदलण्याचा अधिकार असतो.

प्रश्न: मुलगा एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) आहे. त्याने काय करावं?

उत्तर: त्याला सरकारी मदत नाही, ग्रीन कार्ड हातात आल्यावरच. पण अनेक खासगी कॉलेजं स्वतःच्या निधीतून देतात. त्यासाठी बहुधा सीएसएस प्रोफाइल हा मदतीचा वेगळा अर्ज लागतो: पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. यात अनेक कॉलेजं राहतं घरही मोजतात. ‘नीड-अवेअर’ कॉलेजांत मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होऊ शकतो, म्हणून यादी करतानाच प्रत्येक कॉलेजला विचारा: एच-४ला तुम्ही परदेशी विद्यार्थी धरता का, आणि पहिल्या वर्षी मदत मागितली नाही तर पुढे मागता येते का. उत्तर ईमेलनेच घ्या.