ए वरून बी वर जाताना सूर चिरकतो

प्रश्न: वय ४४. दोन वर्षं क्लॅरिनेट शिकतोय. मधल्या ए वरून बी वर जाताना हमखास चीं होतं. पट्टी (मुखातली कंप पावणारी रीड) बदलू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: पट्टी नंतर बघू, आधी दोष शोधा. सगळी भोकं बंद करून खालचा ई लांब धरा आणि फक्त रजिस्टर की (डाव्या अंगठ्याजवळची, सूर वर चढवणारी कळ) दाबा. बी स्वच्छ लागला, तर फुंक आणि ओठ ठीक आहेत, दोष बोटांत. चिरकलं, तर बहुधा पट्टी दातांनी आवळली जातेय किंवा एखादं भोक, अनेकदा उजव्या अनामिकेचं, अर्धवट उघडं राहतंय.

बोटांवर उपाय एकच: ए वाजतानाच उजव्या हाताची बोटं भोकांवर ठेवून द्या. सूर फारसा बदलत नाही, बोटांची उडी मात्र निम्मी होते. मेट्रोनोम (लय देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर ठेवून ए-बी रोज दहा मिनिटं, घाई न करता.

सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र पट्टीकडेही बघाच. कोरडी पडली की टोकाला लाटा येतात. मिनिटभर पाण्यात भिजवून सपाट झाल्यावरच लावा. लाकडी वाद्य स्कूटरच्या डिकीत कधीही ठेवू नका, तडा जातो.