वाचकांचे प्रश्न : अंतर तेच, मग वेळ निराळी का?

प्रश्न : लंडन ते न्यूयॉर्क हे हवाई अंतर सुमारे ५,५४० किलोमीटर आहे आणि प्रवासी विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास असतो. भागाकार केल्यास सहा तासांहून थोडी अधिक वेळ येते. वेळापत्रकात मात्र जाताना सुमारे आठ आणि परतताना सुमारे सात तास दिसतात. पृथ्वी फिरते म्हणून हा फरक पडतो का?

उत्तर : पृथ्वीच्या फिरण्याचा असा थेट परिणाम होत असता, तर उलटच घडले असते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तेव्हा लंडनहून पश्चिमेला निघालेल्या विमानाकडे न्यूयॉर्क आपणहून सरकत आले असते आणि तोच प्रवास लवकर संपला असता. तसे होत नाही, कारण वातावरणही जमिनीबरोबर फिरते आणि विमान त्या वातावरणातच उडत असते.

खरे कारण वारा. विमाने ज्या दहा-बारा किलोमीटर उंचीवरून जातात, तिथे मध्य अक्षांशांत पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगवान वारे वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. (या वाऱ्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या परिवलनाचा वाटा आहे, तेवढ्यापुरता आपला तर्क बरोबर आहे.) ताशी ९०० किलोमीटर हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजलेला असतो. समोरून ताशी १०० किलोमीटरचा वारा असल्यास जमिनीच्या तुलनेत तो ८०० उरतो आणि तेच अंतर कापायला ६ तास ५५ मिनिटे लागतात. तोच वारा पाठीमागून असल्यास ५ तास ३२ मिनिटे पुरतात. म्हणजे समोरच्या वाऱ्याने जितका वेळ जातो, तितका पाठीमागच्या वाऱ्याने भरून निघत नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याचा लाभ मिळून न्यूयॉर्कहून निघालेले ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोहोचले होते.

उरलेला फरक वेळापत्रकाच्या पद्धतीतून येतो, कारण त्यातील वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतची असते आणि धावपट्टीपाशी होणारा खोळंबाही तिच्यात धरलेला असतो.

शिवाय ५,५४० किलोमीटर हे बृहद्वृत्तावरचे, म्हणजे गोलावरचे सर्वांत कमी अंतर आहे. प्रत्यक्ष मार्ग वारे आणि हवाई हद्दी पाहून ठरतो, त्यामुळे तो सहसा लांबतो. २०२२ मध्ये रशियाची हद्द बंद झाल्यानंतर हेलसिंकी-टोकियो हा साडेनऊ तासांच्या आसपासचा प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला.

तिकिटावरून प्रवासाची वेळ काढताना दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात, हे ध्यानात ठेवावे. लंडनहून दुपारी १२ वाजता निघून न्यूयॉर्कला ३ वाजता पोहोचणारे विमान तीन नव्हे, आठ तास प्रवास करते, कारण वर्षाचा बहुतेक काळ न्यूयॉर्कचे घड्याळ लंडनच्या पाच तास मागे असते.