चित्र काढता येत नसेल तर शॉर्ट फिल्मचा स्टोरीबोर्ड कसा करायचा?

तुमची पाच मिनिटांची फिल्म आहे, चौघांपैकी कुणाचाच हात चित्रकलेचा नाही, म्हणून स्टोरीबोर्ड टाळून थेट शूटिंगला लागलं तर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. टाळू नका. स्टोरीबोर्ड म्हणजे शूटिंगआधी एकेका शॉटचं क्रमाने कागदावर काढलेलं चित्र; त्याला काडीची माणसं पुरतात. फक्त प्रत्येकाला नाक काढा, कारण माणूस कुठल्या बाजूला बघतोय हे कागदावर दिसलंच पाहिजे.

हे आम्हाला सोलापुरात, पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यात कळलं. आजोबा माग चालवतायत, नात डबा घेऊन येते, एवढाच प्रसंग. बोर्ड केला नव्हता. आजोबांचा क्लोजअप सकाळी घेतला, नातीचा दुपारी, पलीकडच्या बाजूने. एडिटिंगला बसलो तर दोघंही उजवीकडेच बघतायत! एकमेकांसमोर आहेत असं वाटेचना. आठ दिवसांनी परत गेलो, तर मागावरची तांबडी चादर उतरून निळी चढली होती. जुना एकही शॉट जुळेना, अख्खा प्रसंग नव्याने घ्यावा लागला.

म्हणून दोन पात्रांमधून मनातल्या मनात एक रेघ ओढा आणि कॅमेरा त्या रेघेच्या एकाच अंगाला ठेवा. मग एकाचं नाक उजवीकडे येतं, दुसऱ्याचं डावीकडे.

वही वापरू नका, सुट्या चिठ्ठ्या घ्या. त्यांवर ८ सेंटिमीटर रुंद, साडेचार सेंटिमीटर उंच चौकटी आखा, म्हणजे आडव्या मोबाइलचं १६:९ प्रमाण मिळतं. एका चिठ्ठीवर एकच शॉट. १९३० च्या दशकात डिस्ने स्टुडिओतही चित्रं सुटी काढून भिंतीवर टाचायचे, ती याचसाठी: क्रम बदलता येतो, नको ते काढून टाकता येतं. आम्ही फरशीवर मांडायचो, पंखा बंद करून.

आणि बोर्ड लोकेशनवर उभं राहून काढा, हे सगळ्यात महत्त्वाचं. आमच्या पटकथेत आजोबा-नातीचं दीड मिनिटाचं बोलणं होतं. दुसऱ्या खेपेला चिठ्ठ्या घेऊन मागाशेजारी बसलो, तर त्या खडखडाटात बोललेलं शेजारच्यालाही ऐकू जात नव्हतं. बोलणं सगळं काढलं. त्याजागी तीन चिठ्ठ्या आल्या: तुटलेला धागा, त्याला गाठ मारणारी आजोबांची बोटं, डबा उघडता उघडता थांबलेला नातीचा हात. फिल्ममधला तोच भाग मला अजून आवडतो.

सिद्धेश्वर तलावाकाठचा वगैरे बाहेरचा शॉट असेल तर चिठ्ठीवर वेळ आणि सूर्याची बाजू लिहा. आपल्याकडच्या मे महिन्यात भर दुपारी डोळ्यांखाली काळी सावली पडते, चेहरा वाचताच येत नाही.

प्रत्येक चिठ्ठीवर सेकंदही टाका. पाच मिनिटं म्हणजे ३०० सेकंद; शॉट सरासरी ६ सेकंदांचा धरला तर ५० चिठ्ठ्या. ८० झाल्या असतील तर आत्ताच कमी करा.

पहिल्या दहा तयार झाल्या की गोष्ट माहीत नसलेल्या एखाद्या मित्राला दाखवा, तोंडाने काही न सांगता. तो जिथे "हा कोण?" म्हणेल, तिथे तुमचा एक शॉट राहिलाय.