पोट भरलं हे इंग्रजीत सांगताना

'पोट भरलं' यासाठी इंग्रजीतला 'सेशिएटेड' (satiated, म्हणजे तृप्त) हा शब्द शिकलास, छान. लॅटिनमधल्या 'सॅटिस' म्हणजे 'पुरेसं' यावरून तो आलाय. पण तो लिखाणात शोभतो. भूकच काय, कुतूहल शमलं तरी चालतो. जेवताना मात्र फार जड वाटतो.

बाहेरगावच्या साहेबांना आपल्या सोलापुरात शेंगा चटणी, कडक भाकरी खायला नेलंस आणि त्यांनी तुलाच आग्रह केला, तर 'आय अ‍ॅम फुल, थँक यू' एवढंच म्हण. 'माय स्टमक इज फुल' कळतं, पण कानाला खटकतं. तडस लागेपर्यंत जेवलास तर मित्रांत 'स्टफ्ड' चालेल.

आणि 'फेड अप' चुकूनही नको रे! त्यात 'फेड' (fed) म्हणजे 'खाऊ घातलेलं' दिसतं, पण अर्थ होतो 'वैतागलो'. एवढ्या प्रेमानं वाढणाऱ्याला ते किती लागेल!