डबे आणि फ्रीजर गच्च भरलेत, काही वाया न घालवता संपवायचं कसं?

तुम्ही विचारलंय की लॉकडाऊनपासून लागलेली सवय म्हणून डाळी, रवा, पोहे, मसाले भरभरून ठेवलेत, फ्रीजरमध्ये वाटाणे, मटण, खोबरं कोंबलंय, आता काय कधीचं ते कळत नाही आणि टाकवतही नाही, तर करायचं काय. वाचून हसूच आलं, कारण हे माझ्याच स्वयंपाकघराचं वर्णन आहे, फक्त दोन-तीन वर्षांपूर्वीचं.

आधी माझं सांगते. आम्ही कोल्हापुरात शुक्रवार पेठेच्या बाजूला राहतो, म्हणजे पावसाळ्यात अख्खं घर पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचा पाणीपातळीचा आकडा बघत बसलेलं असतं, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोराला पण पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला, हायवे बंद, नळाला पाणी नाही, दूध नाही, भाजी नाही, तेव्हापासून मला साठवायची जी खोड लागली ती लागलीच, आणि वर २०२० चा लॉकडाऊन. लक्ष्मीपुरीच्या बाजारात गेले की एक किलोच्या जागी तीन किलो. ह्यांनी विचारलं तर मी म्हणायचे, "पाणी आलं की कळेल तुम्हाला."

मग पाणी आलंच, २०२१ च्या जुलैत. आमच्याकडं लाईट गेली ती चार दिवस आलीच नाही, आणि फ्रीजरमध्ये आषाढ म्हणून आणून ठेवलेलं दोन किलो मटण, जानेवारीत सगळ्यांनी बसून सोललेले वाटाणे, ओल्या नारळाचा चव, आलं-लसणाची पेस्ट, सगळंच. दार उघडलं तेव्हा खालच्या मजल्यापर्यंत कळलं. त्या दिवशी डोक्यात उजेड पडला की पुरासाठी म्हणून फ्रीजर भरणं हा शुद्ध येडेपणा आहे, पूर आला की आधी लाईटच जाते. भरलेला फ्रीजर अजिबात न उघडता ठेवला तर साधारण ४८ तास थंडी धरतो, अर्धा भरलेला असेल तर २४ तास, आणि आम्ही तर दर तासाला उघडून "बर्फ हाय का अजून" बघत होतो. पुरात कामाला आलं ते डब्यातलं, तांदूळ, मसूर, सांडगे, चटणी. त्यामुळं तुम्हाला पहिला सल्ला हाच, फ्रीजर आधी रिकामा करायला घ्या, डबे थोडे थांबतात.

आता मुद्द्याचं. लोक रेसिपी शोधत बसतात, पण रेसिपीच्या आधी दुकान बंद करा. मी महिनाभर फक्त दूध, पालेभाजी, कांदा, अंडी एवढंच आणायचं ठरवलं आणि चोवीस दिवस टिकले, पंचविसाव्या दिवशी पाहुणे आले. ऑफर लागली तरी नाही, "परत मिळणार नाही" असं दुकानदार म्हटला तरी नाही. नळ चालू ठेवून बादली रिकामी करायला बसलात तर जन्म जाईल.

एका रविवारी सगळं खाली काढा. सगळं म्हणजे माळ्यावरचं पण. माझ्याकडं निघालं ते सांगते म्हणजे तुम्हाला बरं वाटेल: रव्याचे चार फोडलेले पुडे, प्रत्येकाला रबर, संक्रांतीचे तीळ, एकादशीचे वऱ्याचे तांदूळ, नवरात्रातलं शिंगाड्याचं पीठ, दीड किलो चवळी जी आमच्या घरात कुणालाच आवडत नाही (मग आणली कुणी? मीच), खसखस दोन ठिकाणी, सुक्या बोंबलाची पिशवी पिशवीत पिशवीत गुंडाळलेली, आणि लेकीनं रील बघून मागवलेला क्विनोआ. फ्रीजरमधलं तर बर्फ चढून सगळं एकसारखं दिसत होतं, मटार समजून काढलं ते सोलाणे निघाले. तेव्हापासून घरात एक मार्कर पेन आणि औषधाच्या दुकानातली कागदी चिकटपट्टी ठेवलीय, काय आहे आणि कुठल्या महिन्यात टाकलं एवढंच लिहायचं. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, त्यांना लिहायला लागत नाही. त्यांची पद्धत वेगळी, नवीन धान्य आलं की डबा पालथा करायचा, नवीन खाली घालायचं आणि जुनं वर. "मी काय सांगतो, वरनं ओतलंस की तळातलं तळालाच ऱ्हातंय" हे वाक्य मी लग्न झाल्यापासून ऐकतेय आणि अक्कल आली पंधरा वर्षांनी.

तारखांबद्दल घाबरू नका पण दुर्लक्षही करू नका. पाकिटावर बेस्ट बिफोर असेल तर त्यानंतर चव, वास, कुरकुरीतपणा कमी होतो, नीट ठेवलं असेल तर कोरडं सामान त्या तारखेला रात्री बारा वाजता विष होत नाही. एक्सपायरी किंवा यूज बाय लिहिलं असेल तर मात्र ती तारीख पाळायची. आणि काही गोष्टींना तारीख बघायचीच नाही, बघायचं नाकानं आणि डोळ्यानं. शेंगदाण्याला बुरशी, काळपट हिरवट, कडू लागला, सरळ कचऱ्यात. त्यात जे अफ्लाटॉक्सिन असतं ते भाजून, कूट करून, उकळून जात नाही, म्हणून "भाजून घेतले की झालं" हे डोक्यातनं काढा. फुगलेला टिनचा डबा, तोही तसाच. पुराचं पाणी लागलेलं पीठ-धान्य तर विषयच नाही, पाकीट बंद दिसत असलं तरी नाही.

किडे ही वेगळी गोष्ट. तांदळात पोरकिडे झाले तर चाळा, निवडा, पाखडा, उन्हात पसरलं की किडे आपोआप पळतात, धुवून खा, काही होत नाही. जुना तांदूळ उलट मोकळा शिजतो. रव्यात-मैद्यात जाळी झाली असेल तर मात्र मी ठेवत नाही. आता नवीन रवा आला की आठवडाभर तसाच बंद पिशवीत फ्रीजरमध्ये ठेवते, अंडी-बिंडी असतील तर मरतात, मग बाहेर काढून पिशवी पूर्ण कोरडी आणि गार नाही अशी झाली की भाजून डब्यात.

फ्रीजरवर येऊ. मटण-चिकन काढाल तेव्हा ओट्यावर ठेवू नका, आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवा. ओट्यावर वरनं मऊ होतं आणि आत दगड, आणि वरचा भाग तेवढ्यात खराब व्हायला लागतो. एकदा बर्फ सुटलेलं कच्चं मटण परत फ्रीजरमध्ये टाकू नका, शिजवा आणि मग शिजवलेलं गोठवा. आम्ही काय करतो, मटण अळणी शिजवतो, आमच्याकडं अळणी म्हणजे बिनमसाल्याचं, हळद, मीठ, आलं-लसूण एवढंच, त्या अळणीतलं, म्हणजे मटणाच्या पाण्यातलं, थोडं बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून ठेवतो, नंतर पुलावाला नाहीतर कुणी आजारी पडलं तर दोन क्यूब गरम पाण्यात, झालं सूप. वाटाणे, मका, सोलाणे हे मात्र सोडवायचे नाहीत, गोठलेलेच फोडणीत टाका, नाहीतर पचपचीत होतात.

आणि इथं एक गंमत आहे. तुमच्या डब्यात तीळ, खसखस, सुकं खोबरं, काजूचे तुकडे, गरम मसाल्याचे उरलेले खडे असं किडूकमिडूक असेलच, ते संपवायला तांबडा-पांढरा रस्सा ह्यासारखा दुसरा मार्ग नाही. पांढऱ्याला अळणी, नारळाचं दूध, खसखस, तीळ, काजू. तांबड्याला भाजलेलं खोबरं, तीळ, कांदा-लसूण चटणी. फ्रीजरमधलं मटण आणि डब्यातलं पाच प्रकारचं उरलंसुरलं एकाच दुपारी साफ, आणि घरातल्यांना वाटतं आज मेजवानी आहे. फक्त खोबऱ्याची वाटी आधी चावून बघा, एक खवट वाटी अख्खा टोप घालवते, मसाल्यानं खवटपणा झाकत नाही. मी केलाय प्रयोग, पाहुण्यांच्या समोर.

डाळी-कडधान्याचा राग येतो तो जुनं झालं की शिजत नाही म्हणून. दहा-बारा तास भिजवा, पाण्यात चिमूटभर सोडा, आणि मीठ, चिंच, आमसूल, टोमॅटो हे सगळं शिजल्यावर घाला, आंबट आधी पडलं की दाणा अडून बसतो. जुना आणि नवा एकत्र कुकरला लावू नका, नव्याचा चिखल आणि जुन्याच्या गोळ्या. मटकीला मोड येत नसले तर मिसळीचा नाद सोडा, भाजून आमटी करा. आख्खा मसूर तर आमच्याकडं हायवेच्या ढाब्यांवर लोक मुद्दाम जाऊन खातात, जास्त कांदा, चटणी, वरनं थोडं तूप, डब्यातला किलोभर मसूर चार वेळात संपतो. प्रत्येक डाळीचं मूठ-मूठ उरलं असेल तर सगळ्यांची मिळून एक आमटी, नाव ठेवायची गरज नाही.

पण सगळ्यात मोठा कचरा खाणारी गोष्ट म्हणजे भाजणी. ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभरा डाळ, उडीद, मूग, मसूर, धणे, जिरे, जे वाटीभर उरलंय ते वेगवेगळं मंद भाजायचं, गार करायचं, गिरणीतनं दळून आणायचं. गिरणीवाला आधी ज्वारीवर दळून देईल असं बघा, गव्हावर नको. थालीपीठ दोन महिने. उपासाचं जे उरतं, वऱ्याचे तांदूळ, साबुदाणा, राजगिरा, त्याची वेगळी उपासाची भाजणी. पापडाचा चुरा, तुटलेल्या कुरडया टाकू नका, कुरडया पाण्यात भिजवून पिळून कांद्यावर परतल्या की भाजी होते, आणि पावसात भाजीचे दर बघून चक्कर येते तेव्हा सांडग्याची भाजी आणि भाकरी ह्यावर आमचा आठवडा निघतो. जाड पोहे नरम पडलेत तर उन्हात नाहीतर कढईत गरम करून चिवडा. गुळाला पाणी सुटलं असेल तर शेंगदाण्याचे लाडू, लगेच.

कांदा-लसूण चटणी आम्ही एप्रिल-मेमध्ये डंकावरनं करून आणतो, वर्षाची. ती संपायच्या आत नवीन करायची नाही हा नियम मी घातला आणि आत्तींशी दोन दिवस अबोला झाला. पण खरंच, जुनीचा रंग उतरतो, वास जातो, मग ती कुणी खात नाही. मोठी बरणी उघडायची नाही, महिन्याचं छोट्या बरणीत काढायचं, वर हिंगाचा खडा, आणि चमचा कोरडा. ओला चमचा गेला की पावसाळ्यात बुरशी ठरलेली.

एवढं करून पण उरेल. न फोडलेलं, तारखेच्या आतलं असेल तर शेजारी विचारा, कामाला येणाऱ्या मावशींना विचारा, विचारा म्हणजे विचारा, हातात कोंबू नका. जे आपण खाणार नाही असं खराब दुसऱ्याला देणं मला पटत नाही. आणि किडकं धान्य गाई-म्हशीपुढं ओतायचं तर अजिबात नको. माझं माहेर कागलकडं, घरी म्हशी, बाबा ह्यावर फार चिडायचे, कारण एकदम तांदूळ-गव्हाचा ढीग खाल्ला तर जनावराच्या पोटात आम्ल वाढतं, पोट फुगतं, डॉक्टर येईपर्यंत जातं पण. पुण्य मिळवायला जातात आणि दुसऱ्याची म्हैस घालवतात.

पुढं साठवू नका असं मी म्हणणार नाही, मी स्वतः जूनच्या आधी भरतेच. फक्त आता तांदूळ, मसूर, चटणी, काडेपेटी, मेणबत्त्या, दुधाची पावडर एवढंच पंधरा दिवसांचं, आणि फ्रीजरमध्ये जून ते सप्टेंबर जवळजवळ काही नाही. मटण लागलं तर त्या दिवशी आणतो.

चवळी शेवटी गेली, उसळ म्हणून कुणी खाल्ली नाही, भिजवून वाटून तिचे वडे केले तर लेकीच्या मैत्रिणींनी डबा पुसून नेला. राहिला क्विनोआ. एकदा उकडून वाढला तर आत्ती ताटाकडं बघून म्हणाल्या, "ह्यो राजगिरा बिघडलाय काय?" मग मी तो पण कडू जाईपर्यंत चार पाण्यानं धुतला, वाळवला, भाजला आणि भाजणीत दळून आणला. अजून घरात कुणाला कळलेलं नाही.